आपली पाळी येईपर्यंत : गोल्फच्या सामूहिक वर्गाचा अनुभव

गोल्फचा सामूहिक वर्ग लावतेय असं मी सांगितलं तेव्हा ओळखीतल्या बहुतेक खेळाडूंनी नाकं मुरडली. सात-आठ जणांना मिळून एक प्रशिक्षक, तासाभरात तो तुझ्या वाट्याला येणार किती, बाकीचा वेळ नुसतं उभं राहण्यातच जाणार, असं त्यांचं म्हणणं. हिशेब म्हणून ते चुकीचं नव्हतं. वर्गात बराच वेळ खरोखरच उभं राहण्यात गेला. पण माझ्या खेळात जी सुधारणा झाली तिचा मोठा भाग त्या उभं राहण्याच्या वेळेतच झाला. एकट्याने शिकणाऱ्याला तो वेळ मिळतच नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी अगदी कोरी नव्हते. मैत्रिणींबरोबर अधूनमधून कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, जात होते, रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) बादलीभर चेंडू मारून येत होते, व्हिडिओ पाहत होते. हौशी खेळाडूंचं साधारण असंच चालतं. मधूनच एखादा फटका असा बसतो की दिवसभर हाताला त्याची आठवण राहते, आणि मग तो का बसला हे शोधण्यात पुढचे कित्येक फटके जातात. हा शोध एकट्याला लागत नाही, कारण आपला स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याची हालचाल, आपल्याला दिसत नाही. चेंडूवर नजर लावून उभ्या असलेल्या माणसाला आपल्या खांद्यांचं, कमरेचं, मागच्या पायाचं काय चाललंय ते कळणार कुठून? त्यात क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते साधारण अर्धा मिलिसेकंद. एवढ्या वेळात काही जाणवून दुरुस्ती करणं कोणाच्याच आवाक्यातलं नाही. जे करायचं ते त्याआधीच करावं लागतं, आणि ते होतंय की नाही हे दुसऱ्या कोणाला तरी पाहावं लागतं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारायच्या तयारीने आलो होतो. सरांनी बॅगा कडेला ठेवायला लावल्या आणि फक्त पुटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) घेऊन ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, नेलं. होलपासून, म्हणजे चेंडू पाडायच्या खड्ड्यापासून, सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत टीपर्यंत (पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत) पोहोचायचं, हा त्यांचा क्रम होता. थोडी कुजबुज झाली. मग त्यांनी साधा हिशेब मांडला. पार ७२च्या कोर्सवर, म्हणजे जिथे एकूण ७२ फटके अपेक्षित असतात तिथे, प्रत्येक होलसाठी दोन पुट (पुटरचे फटके) गृहीत धरलेले असतात. अठरा होलचे झाले ३६, म्हणजे पारमधले निम्मे फटके. सराव करताना मात्र हौशी माणूस निम्मा वेळ सोडाच, शेवटची पाच मिनिटं पुटिंगला देतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, आणि चेंडूचा व्यास नियमानुसार किमान ४२.६७ मिलिमीटर. होल चेंडूच्या अडीचपट रुंद आहे म्हटल्यावर ऐकायला सोपं वाटतं. पण त्या रुंदीचा फायदा हळू आलेल्या चेंडूलाच होतो. जोरात आलेला चेंडू मधोमध आला नाही तर काठावरून निसटून जातो.

पुटरच्या डोक्यापेक्षा जरासं जास्त अंतर ठेवून जमिनीत दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) खोचायच्या आणि त्यांना धक्का न लावता मधून पुटर न्यायचा, हा पहिला सराव. नंतरचा सराव मात्र गटाशिवाय होऊच शकला नसता. सगळ्यांनी एकाच जागेवरून, एकाच होलकडे, एकामागून एक पुट करायचा. प्रत्येकाला एकच चेंडू. पहिला खेळाडू अंदाजाने मारतो. दुसऱ्याला त्याचा चेंडू कुठे वळला ते दिसलेलं असतं. पाचव्या-सहाव्यापर्यंत येईतो उतार जवळजवळ आखून ठेवल्यासारखा सगळ्यांना माहीत झालेला असतो. सर सांगत, "चेंडू सुटताना बघू नका, थांबायला येतो तेव्हा बघा." वेग कमी झाला की उतार चेंडूला जास्त ओढतो, त्यामुळे खरा वळसा शेवटच्या हातभर अंतरात असतो. नंतर क्रम उलटा केला, जागा बदलली, आणि जो शेवटी होता त्याला पहिला पुट मारायला लावला. तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्याचा चेंडू पाहून उतार वाचायची सवय लागली की आपण पहिले असतानाही गवताकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

याला एक नियमाची बाजूही आहे. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला "तू कोणता क्लब मारलास?" असं विचारलंत तर ते सल्ला मागणं ठरतं, आणि स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून ठरणाऱ्या स्पर्धेत) त्याला दोन फटक्यांचा दंड आहे. सल्ला घेता येतो तो आपल्या कॅडीचा (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचा), आणि जोडीने खेळत असलो तर जोडीदाराचा. पाहण्यावर मात्र बंदी नाही. दुसऱ्याचा चेंडू ग्रीनवर कसा पळाला, त्याचा फटका वाऱ्यात किती वाहवला, हे कोणीही, कितीही पाहावं. वर्गात तयार झालेली नजर अशी थेट मैदानावर उपयोगी पडते.

ग्रिपवर, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीवर, आमचा जवळजवळ एक पूर्ण तास गेला आणि मला तो कमीच वाटला. तीन पद्धती सगळ्यांना करून पाहायला लावल्या. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर टेकवायची ती ओव्हरलॅपिंग. ही हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाते, ज्यांनी १८९६ ते १९१४ या काळात ओपन चॅम्पियनशिप ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा सहा वेळा जिंकली. उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकींत अडकवायची ती इंटरलॉकिंग, जॅक निक्लस आणि टायगर वुड्स या नामांकित खेळाडूंची. आणि दहाही बोटं क्लबवर ठेवायची ती तिसरी, लहान किंवा कमी ताकदीच्या हातांना सोयीची. पण सरांचा भर या फरकांवर नव्हता. क्लब डाव्या हाताच्या तळव्यात न बसता बोटांच्या मुळांशी बसायला हवा, मान खाली घातल्यावर डाव्या हाताच्या मुठीचे दोन किंवा तीन उंचवटे दिसायला हवेत, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी. हे त्यांनी एकेकाचे हात आपल्या हातांनी बसवून दाखवलं. मग डोळे मिटून ग्रिप सोडायची, पुन्हा धरायची, डोळे उघडून तपासायची. डोळे उघडले की बहुतेकांचा क्लब परत तळव्यात सरकलेला असायचा. हात आपल्या जुन्या जागी जायला बघतातच. म्हणून ग्रिप बदलायची तर ती चेंडूपासून लांब, घरी बसल्याबसल्या बदलायला हवी, असं सर म्हणत. मी एक जुना आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब) खुर्चीशेजारी ठेवला आणि जाता-येता धरत राहिले.

आता उभं राहण्याबद्दल. रेंजवर एका वेळी तिघे-चौघे मारत असत, बाकीचे रेषेच्या मागे. मारणाऱ्याच्या पुढे किंवा तिरपं उभं राहायचं नाही, चेंडू पडला तरी कोणाचा स्विंग चालू असताना वाकून उचलायचा नाही, ही शिस्त पहिल्या मिनिटापासून होती आणि ती मोडायला कोणालाच मुभा नव्हती. मागे उभ्या असलेल्यांसाठी सरांनी एक काम ठरवून दिलं होतं. चेंडूच्या मागे नजर न्यायची नाही. फक्त स्विंग बघायचा, फटका झाल्यावर मान जमिनीकडेच ठेवायची आणि चेंडू कुठे गेला असेल ते सांगायचं. डावीकडे, उजवीकडे, उंच, सरपटत. मग वर बघायचं.

सुरुवातीला आमचे अंदाज वाऱ्यावर होते. हळूहळू ते जमायला लागले, कारण पाहायच्या जागा कळत गेल्या. डोक्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण चेंडूचं भवितव्य कळतं ते क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू), क्लबचा मार्ग आणि जमिनीला क्लब कुठे लागला यावरून. एकदा हे दिसायला लागलं की स्वतःचा फटका गेल्यावरही "काय झालं असेल" याचं उत्तर बरंचसं आपलं आपल्याला मिळतं. माझ्या मते गटात शिकण्याची सगळ्यात मोठी कमाई हीच. एकास एक शिकवणीत हे निदान प्रशिक्षक करतो आणि शिकणारा नुसता ऐकतो.

एक प्रसंग सांगते. आमच्यात एक निवृत्त काका होते, उत्साही, तब्येतीने ठणठणीत. त्यांचे आयर्नचे फटके एक तर चेंडूमागची माती उकरायचे, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर लागून सरपटत जायचे. सरांनी गवतावर चुन्याची एक आडवी रेष मारली आणि चेंडू न ठेवता काकांना रेषेवर स्विंग करायला सांगितलं. आम्ही बाजूला गुडघ्यांवर बसून क्लब गवताला कुठे लागतोय ते पाहत होतो. दर वेळी रेषेच्या चार बोटं मागे. चांगल्या आयर्न फटक्यात क्लब आधी चेंडूला लागतो आणि मग पुढच्या गवताला. म्हणजे डिव्हॉट (उखडलेला गवताचा तुकडा) रेषेपासून निशाणाच्या बाजूला निघायला हवा. काकांचा उलट्या बाजूला निघत होता. एकाच जागी खाली लागणाऱ्या क्लबमधून दोन वेगळे दोष कसे निघतात तेही तिथेच समजलं. सर्वांत खालचा बिंदू मागे आहे, तर क्लब एक तर आधी जमिनीत रुतेल, नाहीतर तिथून वर उचलला जाताना चेंडूच्या डोक्याला लागेल.

"कारण कोणाला दिसलं?" सरांनी आम्हाला विचारलं. कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, ती म्हणाली, "फटका झाल्यावरही काकांच्या उजव्या पायाची टाच जमिनीवरच आहे." बरोबर होतं. चेंडू हवेत उचलायच्या धडपडीत काका मागे रेलत होते. सरांनी त्यांच्या हातातला सात नंबरचा आयर्न घेतला आणि त्याचा फेस आम्हा सगळ्यांना बाजूने दाखवला. त्याला तीसएक अंशांचा लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) असतो. चेंडू वर नेण्याचं काम त्या उताराचं आहे, खेळाडूचं नाही. मग चेंडूच्या वीतभर मागे एक टॉवेल घडी करून ठेवला. "काका, टॉवेलला लागू द्यायचं नाही आणि शेवटी बेल्टचं बक्कल झेंड्याकडे. बाकी काही विचार करू नका." दोन-तीनदा टॉवेल उडाला. नंतर जो फटका लागला त्याचा आवाजच वेगळा होता, आणि रेषेच्या पुढे गवताची पातळ खपली निघाली. काकांना झाला त्याहून जास्त आनंद आम्हाला झाला असेल.

त्या पंधरा मिनिटांत मी एकही चेंडू मारला नव्हता. पण माझी पाळी आली तेव्हा माझ्या डोक्यात सूचना नव्हती, चित्र होतं. मागच्या पायावर राहिलेला माणूस कसा दिसतो आणि पुढे आलेला कसा दिसतो, हे दोन्ही मी काही मिनिटांच्या अंतराने एकाच माणसात पाहिलं होतं. नामांकित खेळाडूंचे स्विंग कितीही पाहिले तरी हे मिळत नाही. त्यांच्यात फक्त बरोबर तेच दिसतं. चुकीचं बरोबर होताना दिसत नाही.

सरांची सांगायची पद्धतही मुद्दाम तशीच होती. कोपर इथे ठेवा, मनगट असं वळवा, असं ते क्वचितच म्हणत. टॉवेल चुकवा, गवत झाडा, बक्कल झेंड्याकडे न्या, असं सांगत. या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना गोल्फचा पिच शॉट (जवळून उंच उडवायचा फटका) शिकवताना एका गटाला स्वतःच्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि दुसऱ्याला क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक ठरले, सरावात आणि नंतरच्या चाचणीतही. वर्गात हे रोज डोळ्यांसमोर घडत होतं. शरीराची सूचना मिळालेला माणूस ताठ व्हायचा, वस्तूची सूचना मिळालेला मोकळा राहायचा.

स्लाइसचा, म्हणजे हवेत बाजूला वळत जाणाऱ्या फटक्याचा, तास माझ्यासाठी सगळ्यात उलगडा करणारा होता, आणि त्याचं श्रेय आमच्यातल्या एकमेव डावखुऱ्या मुलाला. रेंजवर तो ओळीच्या अगदी उजव्या टोकाला उभा राहायचा, त्यामुळे आम्ही सगळे त्याच्याकडे तोंड करून आणि तो आमच्याकडे. आम्हा उजव्यांचा ड्रायव्हर वळायचा उजवीकडे, त्याचा डावीकडे. म्हणजे दोघांचाही चेंडू जिकडे आपलं तोंड असतं त्याच बाजूला वळायचा. सरांनी त्याला हळू गतीत स्विंग करायला सांगितलं. समोरून पाहताना स्पष्ट दिसलं की क्लब बाहेरून आत, त्याच्या शरीराकडे ओढला जातोय, आणि फेस मात्र त्या मार्गाच्या मानाने उघडा आहे.

चेंडू फेसच्या दिशेने निघतो की स्विंगच्या, यावर पूर्वी उलट शिकवलं जायचं. स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असं. रडारवर चालणारी मोजमापाची यंत्रं आली तेव्हा चित्र बदललं. चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो. तो किती वळणार हे फेस आणि मार्ग यांच्यातला फरक ठरवतो, कारण त्या फरकामुळे चेंडूच्या फिरकीचा अक्ष कलतो. आता स्लाइस मारणारा हौशी खेळाडू काय करतो? चेंडू उजवीकडे जातोय म्हणून तो आणखी डावीकडे निशाण धरून उभा राहतो. त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, फेस आणि मार्ग यांच्यातलं अंतर वाढतं, आणि स्लाइस आणखी मोठा होतो. आमच्या ओळीतले निम्मे लोक नेमकं हेच करत होते. कोणीही स्वतःच्या बुद्धीने हेच करेल, इतकं ते स्वाभाविक आहे. सरांनी जमिनीवर अलाइनमेंटच्या काड्या ठेवून सगळ्यांना सरळ उभं केलं, ग्रिप पुन्हा तपासली, आणि आधी फेस, मग मार्ग या क्रमाने काम घेतलं. ग्रिपवरचा तो सगळा तास कशासाठी होता ते तेव्हा पटलं. डावा हात पुरेसा वळलेला नसेल तर फेस उघडाच येतो, मग वरचं काहीही बदला.

गटात एक धोका असतो, सल्ल्यांचा. दोन चांगले फटके लागलेल्या माणसाला तिसऱ्याला शिकवायची घाई होते. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच नियम झाला : दिसलं ते सांगायचं, काय करायचं ते सर सांगणार. "तुमची टाच जमिनीवर आहे" चालेल. "टाच उचला" चालणार नाही. फरक लहान वाटतो, पण त्यामुळे वर्ग टिकला. जिथे हा नियम नाही अशा गटात मी दुसऱ्यांदा नाव घालणार नाही.

बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) दिवस झटपट झाला, कारण तिथे भीती गेली की अर्धं काम होतं. आधी चेंडूच नव्हता. वाळूत बोटाने लांब रेष ओढली आणि तिच्यावरून वाळू बाहेर उडवत आम्ही एकामागून एक पुढे सरकलो. ग्रीनजवळच्या बंकरमधून साध्या फटक्यात क्लब चेंडूला लागतच नाही. तो चेंडूच्या काही सेंटिमीटर मागे वाळूत शिरतो, आणि उडालेली वाळू चेंडूला घेऊन जाते. सँड वेजचा, म्हणजे वाळूसाठीच्या क्लबचा, तळ यासाठीच जाड आणि गोलसर असतो, म्हणजे तो वाळूत रुतत नाही, घसरून बाहेर येतो. हा क्लब घडवणारे जीन साराझेन १९३२ची ओपन चॅम्पियनशिप तो वापरूनच जिंकले. बरोबर बसलेल्या फटक्याला 'थप्' असा भरीव आवाज येतो. ओळीत उभं राहून तो आवाज कोणाचा येतोय, कोणाचा नाही, हे कानांनीच ओळखायला लागलो. एक नियम मात्र लगेच सांगितला गेला : खेळताना बंकरमध्ये सरावाच्या स्विंगने वाळूला स्पर्श केला तर दंड आहे. सरावातली रेष सरावातच.

दोन वर्गांच्या मधला सराव कसा करायचा यावरही बोलणं झालं. एकाच क्लबने, एकाच निशाणावर बादली संपवली की शेवटी शेवटी फटके छान बसतात आणि आपण खूश होऊन घरी जातो. पण कोर्सवर तोच फटका लागोपाठ दोनदा मारायची वेळ येत नाही. हालचाली शिकण्यावरच्या अभ्यासात १९७९ साली शे आणि मॉर्गन यांनी दाखवलं होतं की एकच कृती सलग करणाऱ्यांचा सराव चांगला दिसतो, पण कृती आलटून पालटून करणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहतं. मग मी रेंजवर दर फटक्याला क्लब आणि निशाण बदलू लागले आणि मध्ये थांबू लागले. वर्गात पाळीमुळे हे आपोआपच होत होतं. मारायचं, मागे जायचं, दुसऱ्याचं पाहायचं, पुन्हा नव्याने उभं राहायचं. एका बादलीला आता मला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

शेवटी शेवटी सर आम्हाला कोर्सवर घेऊन गेले. आधी स्क्रॅम्बल खेळलो : सगळ्यांनी टीवरून मारायचं, त्यातला सर्वांत चांगला चेंडू निवडायचा आणि सगळ्यांनी तिथून पुढचा फटका मारायचा. नवख्या माणसाला फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या) मधोमध चेंडू मिळतो, अनुभवी माणसाला दडपण कमी होतं. नंतर स्टेबलफर्ड गुणपद्धतीने. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३०च्या दशकापासून चालत आली आहे. हँडिकॅप (खेळाडूच्या पातळीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सवलत) धरून पार आला तर दोन गुण, एक फटका जास्त झाला तर एक, त्याहून बिघडला तर शून्य, आणि चेंडू उचलून पुढे चालायचं. एका होलवर झालेली पडझड सगळ्या फेरीवर पसरत नाही. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत सुरू झाली आणि तिची कमाल मर्यादा सगळ्यांसाठी ५४ आहे, त्यामुळे अगदी नव्या खेळाडूलाही बरोबरीने खेळता येतं. आमच्या काकांनी तर हँडिकॅपसाठी स्कोअरकार्ड भरायला लगेच सुरुवात केली.

कोर्सवर वेळेचं भान शिकलो. चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटं, २०१९च्या आधी पाच होती. हरवला असेल अशी शंका आली तर पुढे निघण्यापूर्वीच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा) चेंडू मारून ठेवायचा, म्हणजे परत चालत यावं लागत नाही. ड्रॉप, म्हणजे नियमानुसार चेंडू हाताने खाली सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून. ग्रीनवर आपल्या चेंडूने पडलेला खळगा बुजवायचा, बंकर सारखा करायचा, आणि चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता मोठ्याने "फोर!" ओरडायचं. इथेही सवय उपयोगी आली. सातजण सात चेंडूंवर नजर ठेवून होते, त्यामुळे रफमध्ये (वाढलेल्या गवतात) गेलेला चेंडू बहुधा कोणाला तरी दिसलेला असायचा.

सामूहिक वर्गाच्या मर्यादा आहेत आणि त्या मोठ्या आहेत. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्याला सर्वांसाठीचा स्विंग चालत नाही. आमच्यात कंबर कमी वळणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांना सरांनी वेगळी वेळ दिली आणि पाय थोडा बाहेर वळवून, लहान बॅकस्विंगवर (क्लब मागे नेण्याच्या हालचालीवर) त्यांचं गणित बसवलं. ते गटात झालं नसतं. पातळीत फार अंतर असेल तर नवे बिचकतात आणि जुने कंटाळतात. शेजारचा लांब मारतोय म्हटल्यावर आपणही जोर लावतो, आणि जोर लागला की आधी ग्रिप आवळते. सर मारायच्या आधी येऊन हातातला क्लब हलकेच ओढून बघायचे. ओढला जात नसेल तर पुन्हा सैल करून धरायला लावायचे.

नवा वर्ग निवडताना आता मी काही गोष्टी आधीच विचारते. एका प्रशिक्षकामागे किती जण? आठच्या वर गेले तर पाळी इतकी उशिरा येते की पाहिलेलं करून बघेपर्यंत विरून जातं. चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके), पुटिंग आणि बंकरला किती तास आहेत? कोर्सवर नेणार का, की सगळं रेंजवरच? आणि ज्यांची पाळी नाही त्यांनी तोवर काय करायचं असतं? शेवटच्या प्रश्नावर प्रशिक्षक गोंधळला तर मी पुढे जाते. आमच्या सरांचा पुढचा वर्ग ग्रीनचे उतार वाचणं आणि साठ-सत्तर मीटरच्या आतले वेजचे फटके यांवर आहे. काका, ती कॉलेजमधली मुलगी, डावखुरा आणि मी, चौघांनी त्यात नावं दिली आहेत. डावखुऱ्याने पुन्हा उजव्या टोकाचीच जागा मागितली आणि मी त्याच्या समोरची.